फरशी की कौल

एका शब्दापाशी माझं काम तीन दिवस अडून पडलं होतं. हलक्या लिनक्स डेस्कटॉपवरची एक मार्गदर्शिका मी मराठीत आणत होते आणि तिच्यात 'टायलिंग' हा शब्द पानोपानी येत होता. पडद्यावरच्या खिडक्या एकमेकींवर न चढवता शेजारी शेजारी बसवायची ती पद्धत. 'फरशी' लिहिलं आणि खोडलं. शहरात वाढलेल्या माणसाला टाइल म्हटलं की जमिनीवरची फरशी दिसते, सांध्याला सांधा भिडलेली. माझं लहानपण कोकणातलं. आमच्याकडे टाइल म्हणजे मंगलोरी कौल, आणि कौलं एकमेकांवर चढलेलीच असतात. नाही चढली तर पहिल्या पावसात घरभर पातेली मांडावी लागतात. म्हणजे ज्या शब्दाने 'चढायचं नाही' हे सांगायचं, त्याचाच एक मराठी अर्थ नेमका उलटा निघत होता.

दिवाळीला भाचा आला तो याच अडलेल्या पानावर. तो प्रोग्रामर आहे आणि त्याच्या लॅपटॉपवर खिडक्या कधीच एकमेकींवर येत नाहीत. माझा लॅपटॉप जुना: रॅम २ जीबी, पडदा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा. त्यावर डेबियन, डेस्कटॉप एलएक्सडीई, आणि खिडक्या सांभाळायला ओपनबॉक्स. बोलणं सुरू झालं शब्दावरून, पण दोन दिवस आम्ही भांडलो ते खिडक्यांवरून.

"फरशीच लिही, मावशी," तो म्हणाला. "जागा आहे तेवढी मोजायची आणि पुरती भरायची. काही वाया नाही, काही झाकलेलं नाही. तुझ्या पडद्याची अवस्था बघ."

माझ्या पडद्यावर चार खिडक्या होत्या. मधोमध मराठी मसुदा. त्याच्या डाव्या कडेमागून मूळ पीडीएफचा बोटभर पट्टा दिसत होता, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात शब्दकोश, आणि फायलींच्या यादीचा नुसता टायटल बार.

"अवस्था कसली? यातली कुठली कुठे आहे ते मी डोळे मिटून सांगते."

"मग मोजूच." त्याने टेबलावरचं एक जुनं पाकीट ओढलं, पेन्सिल घेतली. "एक परिच्छेद कर. भाषांतर सोडून विंडोला हात लागला की मी एक रेघ मारणार."

मी कामाला लागले आणि तो शेजारी बसलाय हे विसरले. पीडीएफ पुढे आणली, वाक्य वाचलं. मसुदा पुढे आणला, अर्धं वाक्य लिहिलं. एका शब्दासाठी शब्दकोश पुढे घेतला, त्याने मसुद्याची शेवटची ओळ झाकली म्हणून तो खाली ओढला, पुन्हा पीडीएफ. परिच्छेद संपला तेव्हा पाकिटावर पाच रेघांचा एक गठ्ठा पुरा होऊन दुसऱ्यात दोन पडल्या होत्या.

"सात. या सातही वेळी तू भाषांतर करत नव्हतीस, सामान हलवत होतीस."

मला ते लागलं, कारण ते खरं होतं.

"आणि हा शोध माझा नाही," तो म्हणाला. "खिडक्या एकमेकींवर चढवायची कल्पना झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रातली, ॲलन के यांच्या स्मॉलटॉक गटातली, सत्तरच्या दशकातली. पण तीच कंपनी 'स्टार' हा कार्यालयीन संगणक बनवायला बसली, तेव्हा त्यांनी माणसांना काम करताना पाहिलं. लोकांचा पुष्कळ वेळ खिडक्या सरकवण्यात जात होता, आणि सरकवत होते ते बहुतेक एकीवर दुसरी येऊ नये म्हणून. मग १९८१ च्या स्टारवर त्यांनी कामाच्या खिडक्या शेजारी शेजारीच बसवल्या. मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज, नोव्हेंबर १९८५ ची, तीसुद्धा फरशीचीच."

"स्टारचा पडदा केवढा होता?"

"१७ इंची."

"म्हणजे जागा ऐसपैस होती, म्हणून शेजारी शेजारी बसवणं परवडलं. आणि पुढच्या आवृत्तीत त्यांनीच एकावर एक येऊ द्यायची सोय केली, हे का गाळतोस? विंडोजची दुसरी आवृत्ती कशी होती?"

"चढणारी," तो म्हणाला. "१९८७ चा डिसेंबर. पण ते मॅकिन्टॉशसारखं दिसायच्या हौसेपायी, असं माझं मत आहे. त्या दिसण्यावरूनच ॲपलने १९८८ मध्ये त्यांना कोर्टात खेचलं."

"मॅकिन्टॉशचं नाव तूच काढलंस ते बरं झालं. एकावर एक खिडक्या म्हणजे संगणकाला भार, असं तुम्ही फरशीवाले सुचवत असता. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशला मेमरी होती १२८ केबी. पडदा ५१२ बाय ३४२, काळापांढरा. त्या एका पडद्याचं चित्र साठवायलाच २१,८८८ बाइट जात. झाकलेल्या प्रत्येक खिडकीचं चित्र जपून ठेवायला जागाच नव्हती. तरी खिडक्या एकमेकींवर चढत होत्या की नाही?"

त्या कशा चढत होत्या हे इथे थांबून सांगायला हवं, कारण या सगळ्या विषयात मला सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. वरची खिडकी बाजूला केली की खालचीचा जो तुकडा उघडा पडतो, त्याचा आकार चौकोनीच असतो असं नाही. तो काटकोनात वळलेला असेल, मधे भोक पडलेला असेल, दोन तुकड्यांत असेल. ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांनी असा कुठलाही आकार थोडक्यात लिहून ठेवायची युक्ती काढली: आकाराची कड जिथे बदलते तेवढ्याच जागा टिपायच्या, बाकीचं गृहीत धरायचं. मग अशा दोन आकारांची बेरीज-वजाबाकी झटपट होते, आणि संगणक त्या खिडकीच्या प्रोग्रामला सांगू शकतो, 'बाबा रे, तुझा एवढाच भाग उघडा पडलाय, तेवढाच पुन्हा काढ.' चित्र साठवायला नको, अख्खी खिडकी पुन्हा रंगवायला नको. १९७९ मध्ये झेरॉक्सच्या केंद्राला भेट दिली तेव्हा हे तिथे चालताना आपण पाहिलं, अशी त्यांची समजूत होती. म्हणजे हे होऊ शकतं, म्हणून ते करून दाखवायच्या मागे ते लागले. तिथे तसं काही नव्हतंच, हे त्यांना नंतर कळलं. त्यांनी स्वतःच ते सांगितलं आहे. न पाहिलेल्या गोष्टीवरच्या विश्वासातून ती गोष्ट जन्माला आली.

भाचा शांतपणे ऐकत होता. "सुंदर आहे, मावशी, नाही कोण म्हणतंय? पण एवढी हुशारी लागली कशासाठी? आधी झाकलं म्हणून. झाकलंच नसतं तर उघडं पडलेल्याचा हिशोब कोणाला हवा होता?"

याला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं.

हा वाद आम्हाला घरबसल्या घालता येतो आणि त्याच लॅपटॉपवर पडताळूनही पाहता येतो, यामागे एका जुन्या निर्णयाचं देणं आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स ही चित्रप्रणाली सुरू केली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि लिनक्सवर अजून पुष्कळ ठिकाणी तीच आहे. साधनं आम्ही देतो, रीत तुम्ही ठरवा, हे एक्सचं धोरण. खिडकी काढायला एक्स मदत करतं, पण ती कुठे उघडावी, पुढे कोण, मागे कोण, तिला चौकट आणि टायटल बार असावा की नसावा, हे एक्स ठरवत नाही. ते ठरवायला वेगळा प्रोग्राम लागतो, विंडो मॅनेजर, आणि तो कोणीही लिहू शकतं. म्हणून टीडब्ल्यूएम आला, एफव्हीडब्ल्यूएम आला, ब्लॅकबॉक्स, आइसडब्ल्यूएम, ओपनबॉक्स आले, आणि दुसऱ्या अंगाने आयन, डीडब्ल्यूएम, एक्समोनाड, आयथ्री. बाकीचे सगळे प्रोग्राम तेच ठेवून खिडक्यांची रीत तेवढी बदलता येते. वापरणाऱ्यावर इतका विश्वास टाकलेला मी दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर त्याने माझ्या लॅपटॉपवर डीडब्ल्यूएम चढवला. हा २००६ चा, आन्सेल्म गार्बे यांनी सुरू केलेला. सगळा सोर्स कोड २,००० ओळींच्या आत ठेवायचा, हा नियम त्या प्रकल्पाने स्वतःलाच घालून घेतला आहे. सेटिंग बदलायला बटणं नाहीत. एका फाइलमधल्या ओळी बदलायच्या आणि प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा. "एका बैठकीत अख्खा वाचून होतो," भाचा म्हणाला. "तुझा विंडो मॅनेजर काय करतो ते तुला माहीत आहे का? माझा काय करतो ते मला ओळीनिशी माहीत आहे."

पडदा रिकामा झाला. वर एक बारीक पट्टी, तिच्यात १ ते ९ आकडे. मसुदा उघडला, त्याने पडदा भरला. पीडीएफ उघडली. ती डावीकडे मुख्य जागी बसली आणि मसुदा उजवीकडे सरकला. मुख्य जागेला रुंदीचे ५५ टक्के, म्हणजे माझ्या पडद्यावर ७५१ पिक्सेल, आणि उजव्या रांगेला उरलेले ६१५. मसुद्यावर येऊन ऑल्ट आणि एंटर दाबलं, दोघांनी जागा बदलल्या. मूळ आणि भाषांतर शेजारी शेजारी, दोन्ही पूर्ण उघडी. ऑल्टबरोबर जे किंवा के दाबलं की इकडून तिकडे. माउसला हात नाही.

पहिला अर्धा तास मला फार सुखाचा गेला, हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं. टचपॅडवर खिडकीची कड पकडताना माझं मनगट दुखतं. ओपनबॉक्सच्या काही थीममध्ये ती कड एखाद-दोन पिक्सेलची असते, आणि पन्नाशीनंतर ती सापडायला दोन-तीनदा बोट घासावं लागतं. इथे कड पकडायचीच नव्हती.

मग मी शब्दकोश उघडला.

नवी खिडकी मुख्य जागी बसायची, हा डीडब्ल्यूएमचा मूळ नियम. शब्दकोश डावीकडे ७५१ पिक्सेलवर ऐसपैस बसला. मसुदा उजव्या रांगेत वर गेला, पीडीएफ त्याच्या खाली, दोघांची उंची निम्मी. मसुदा मी साध्या टेक्स्ट एडिटरात लिहिते. रुंदी बदलल्याबरोबर त्याची प्रत्येक ओळ नव्या ठिकाणी मोडली. पीडीएफ मी अख्खं पान दिसेल अशी लावलेली असते. खिडकी निम्मी झाली तसं पान आक्रसलं आणि अक्षरं मुंगीएवढी झाली. मला एका शब्दाचा अर्थ हवा होता. तो मिळाला, पण मी ज्या वाक्यात होते ते वाक्य हरवलं.

"ऑल्ट-एंटर दाब, मसुदा परत येईल."

"येईल, पण ओळ हललेली असेल. हे तुला कसं सांगू? वाचताना डोळा ओळ जागेवरून ओळखतो. पानाच्या डाव्या अंगाला, खालून तिसरी, जिथे एक लांब जोडाक्षर आहे तिच्यावर मी होते. शब्दकोशाकडे जाऊन परत येईस्तोवर ती जागा डोळ्याने धरून ठेवलेली असते. ओपनबॉक्समध्ये शब्दकोश मसुद्याचा कोपरा झाकतो, पण मसुदा जागचा हलत नाही. तुझ्या फरशीत काहीच झाकलं जात नाही, पण सगळं हलतं."

तो गप्प झाला, मग म्हणाला, "हे मला जाणवत नाही. मी कोड वाचतो. ओळ हलली तरी ओळीचा आकडा तोच राहतो."

"गद्याला आकडे नसतात. आणि देवनागरीचं आणखी एक. ओळीच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार; खाली उकार, ऋकार. दोन ओळींत मोकळी जागा लागतेच, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अर्ध्या उंचीची खिडकी म्हणजे जेमतेम ३८४ पिक्सेल. त्यातून मेनू आणि टूलबार वजा कर आणि मराठीच्या ओळी उरतात किती ते मोज."

त्याने खरोखरच मोजल्या. मग कबूल केलं की स्वतःच्या डीडब्ल्यूएमला त्यानेही एक छोटा पॅच लावला आहे. नवी खिडकी मुख्य जागी न येता रांगेच्या शेवटी जाते. "पण हेच तर मी म्हणतोय. नियम पटला नाही, थोड्या ओळी बदलल्या, कामाला बसवला. जे एवढं लहान आहे तेच असं बसवता येतं."

यावर मी वाद घातला नाही, कारण यात तो बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्याने पुन्हा तोंड फोडलं. "सगळं डोळ्यासमोर असण्याचं मोल तुला वाटतच नाही का?"

मला दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगावी लागली. एका पुस्तकाच्या मसुद्याच्या दोन आवृत्त्या उघड्या होत्या, नावं जवळजवळ सारखी, एक बरोबर दुसरीच्या खाली. दिवसभर दुरुस्त्या केल्या त्या एकीत आणि प्रकाशकाकडे पाठवली ती दुसरी. प्रुफात लक्षात आलं म्हणून निभावलं, पण दुरुस्त्यांचं काम पुन्हा तपासावं लागलं आणि ती लाज माझ्या मनातून गेलेली नाही. दोन्ही खिडक्या शेजारी असत्या तर हे झालंच नसतं. जे झाकलेलं असतं ते विसरलं जातं. ही फरशीची बाजू मला कोणी समजावून द्यायला नको.

"मग १९८६ चा अभ्यास ऐक," तो उत्साहाने म्हणाला. "सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी दोन्ही रीती माणसांवर तपासल्या. ज्या कामात खिडक्या फारशा हलवाव्या लागत नाहीत, त्यात फरशीवाल्यांचं काम लवकर झालं."

"आणि ज्यात हलवाव्या लागतात?"

तो थोडा थांबला. "त्यात काहीजणांना एकावर एक खिडक्यांनी जास्त वेग आला. हात बसलेल्यांना."

"म्हणजे अभ्यासाने तुझी बाजू घेतली नाही, माझीही नाही. कोणतं काम, हे आधी विचारा, एवढंच सांगितलं. सकाळी मी नुसतं मूळ वाचून पहिला खर्डा काढते, तेव्हा मला दोनच खिडक्या लागतात आणि तेव्हा फरशी उत्तम. दुपारी तोच खर्डा घासायला बसते तेव्हा शब्दकोश, जुनी भाषांतरं, संदर्भ यांची ये-जा असते. त्यातली एकही पाच मिनिटं राहत नाही. अर्ध्या मिनिटाच्या पाहुण्यासाठी घरातल्या भिंती का सरकवायच्या?"

एका गोष्टीवर मात्र दोघांचं लगेच जमलं. त्याच १९८६ मध्ये ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी 'रूम्स' ही कल्पना मांडली: पडदा लहान आहे म्हणून कुढण्यापेक्षा प्रत्येक कामाला वेगळी खोली द्यावी, खोली बदलली की तिच्या खिडक्या सगळ्या एकदम समोर याव्यात. मेमरी कमी पडली की संगणक जसा पानांची अदलाबदल करण्यातच दमून जातो, तसा माणूस खिडक्यांच्या अदलाबदलीत दमतो, हे त्यांचं निरीक्षण. डीडब्ल्यूएमचे नऊ आकडे आणि माझ्या ओपनबॉक्सचे डेस्कटॉप याच घराण्यातले. भाषांतर एका खोलीत, पत्रव्यवहार दुसऱ्या खोलीत, हे मी कितीतरी वर्षं करते आहे.

'हलकं' या शब्दावर आम्ही बराच वेळ अडलो. मेमरीची यादी उघडली. त्याचा डीडब्ल्यूएम आणि माझा ओपनबॉक्स दोघेही पार तळाशी, काही एमबीत आटोपलेले. सगळ्यांत वर ब्राउझर, एकटा शेकडो एमबी घेऊन बसलेला. विंडो मॅनेजर बदलून २ जीबीचा लॅपटॉप पळायला लागेल असं कोणी सांगत असेल तर त्याने ही यादी एकदा पाहावी. जुन्या यंत्राला भार होतो तो सावल्या आणि पारदर्शकतेचा. त्यासाठी प्रत्येक खिडकीचं चित्र वेगळं जपून ते दर वेळी एकत्र लिंपावं लागतं. माझ्या पडद्याएवढं एक चित्र म्हणजे १३६६ गुणिले ७६८ गुणिले ४, एकूण ४१,९६,३५२ बाइट, साधारण ४ एमबी. दहा खिडक्यांचे ४०. मेमरीला ते झेपतं, दमतो तो जुना ग्राफिक्स. एलएक्सडीईत हे मुळातच बंद असतं म्हणून मी ते वापरते. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडमध्ये मात्र ही निवड नाही. तिथे चित्रं जपणारा आणि खिडक्या मांडणारा प्रोग्राम एकच. तरीही दोन्ही रीती तिथे राहायला गेल्याच आहेत: आयथ्रीच्या चालीचा स्वे, आणि ओपनबॉक्सच्या चालीचा लॅबडब्ल्यूसी, जो २०२४ पासून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या मूळ डेस्कटॉपवर आहे.

"म्हणजे हलकेपण मेमरीत नाही, असं म्हणतेस?"

"मेमरीत थोडं, हातात जास्त. आणि हात माझ्या एकटीचाच नसतो. संध्याकाळी हे याच लॅपटॉपवर बातम्या वाचतात. काल रात्री तुझा डीडब्ल्यूएम तसाच ठेवला असता तर ह्यांच्यासमोर काय आलं असतं? काळा पडदा आणि नऊ आकडे. कुठे दाबायचं ते पडदा सांगत नाही. टायटल बारवरची फुली कुरूप असेल, पण ती सांगते, 'इथे दाबलंस की मी बंद होईन.'"

"एकदा कागदावर कळा लिहून दिल्या की..."

"तुला कोणी लिहून दिल्या होत्या?"

"मीच लिहून भिंतीला चिकटवल्या होत्या," तो म्हणाला. "तीन आठवडे."

शेवटी त्याने ओबेरॉनचं नाव काढलं. मला ते उदाहरण मनापासून आवडतं, म्हणून ते त्याने काढलं याचा आनंद झाला. झ्युरिकच्या ईटीएचमध्ये निक्लाउस विर्थ आणि युर्ग गुटक्नेख्ट या दोघांनी ऐंशीच्या दशकात अख्खी प्रणाली उभी केली, कंपायलरपासून पडद्यापर्यंत. पडद्यावर दोन उभे पट्टे, एक कामाचा रुंद, एक प्रणालीचा अरुंद, आणि खिडक्या त्या पट्ट्यांत एकीखाली एक. कुठलीच कुठल्याच्या वर नाही. विर्थ यांनी १९९५ मध्ये हलक्या सॉफ्टवेअरसाठी कळकळीने लेख लिहिला, तो असं काही स्वतः करून दाखवल्यावर.

"बघ," भाचा म्हणाला, "फरशी म्हणजे काही पोरांचा नाद नाही."

"नाहीच. पण ओबेरॉनमध्ये प्रत्येक प्रोग्राम त्या पट्ट्यांत राहायचं हे ठाऊक असूनच लिहिलेला होता. तू मात्र तरंगायला शिकलेले प्रोग्राम आणून फरशीत बसवतोस. गिंपचं घे. २०१२ च्या २.८ आवृत्तीत एका खिडकीची सोय येईपर्यंत त्याच्या हत्यारांच्या खिडक्या वेगळ्या आणि चित्राची वेगळी. ती अरुंद हत्यारपेटी अर्ध्या पडद्यावर ताणून बसवली की कशी दिसायची? तुझ्या डीडब्ल्यूएमच्या मूळ सेटिंगमध्येच गिंपसाठी ओळ आहे ना, याला तरंगू द्या म्हणून?"

"आहे," तो म्हणाला. "डायलॉग बॉक्सही तरंगतात. 'सेव्ह करू का' असं विचारायला अर्धा पडदा कोण देईल?"

मग तोच उठला आणि माझ्या ओपनबॉक्सची सेटिंगची फाइल उघडून बसला. त्याने दोन कळा जोडून दिल्या: एकीने समोरची खिडकी डाव्या अर्ध्यात बसते, दुसरीने उजव्या. ६८३ पिक्सेल इकडे, ६८३ तिकडे. शब्दकोशासाठी एक नियम घातला, की तो नेहमी सगळ्यांच्या वर राहील.

"म्हणजे खाली फरशी, वर कौल," तो म्हणाला.

"शब्दकोशाची रुंदी थोडी कमी कर. मसुद्याचं शेवटचं अक्षर झाकतंय."

त्याने ती कमी केली. स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र त्याने काही बदललं नाही.

मार्गदर्शिकेत मी 'फरशी मांडणी' लिहिलं. पहिल्यांदा शब्द येतो तिथे एक वाक्य घातलं, की इथे जमिनीवरची फरशी समजावी, छपरावरचं कौल नव्हे. संपादकांनी ते वाक्य ठेवलं आहे.

तो गेल्यावर पाकीट टेबलावरच होतं. एका सकाळी मी साधारण तेवढाच परिच्छेद घेतला आणि या वेळी रेघा मीच मारल्या. दोन पडल्या, दोन्ही शब्दकोशासाठी. रात्री फोनवर त्याला सांगितलं.

"माझ्याकडे एकही पडली नसती," तो म्हणाला.

"ओळ हलली असती," मी म्हटलं.